रसायन

पहिली बाटली रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फुटली. मी आणि बायको दोघंही दचकून उठून बसलो. अमेरिकेत रात्री असा आवाज आला की माणूस आधी बंदुकीचाच विचार करतो. दिवा न लावता आम्ही तसेच बसून राहिलो. मग दुसरी फुटली आणि तिच्यामागून काचा फरशीवर सांडल्याचा बारीक आवाज आला. तिसरीला बायको म्हणाली, "हे तुझ्या गॅरेजमधून येतंय."

उजाडेपर्यंत दार उघडायची हिंमत झाली नाही. सकाळी पाहिलं तर पन्नासपैकी एकोणीस बाटल्या गेल्या होत्या. खोक्यांमध्ये काचा रुतलेल्या, एक तुकडा थेट छतात. फरशी चिकट, आणि सगळीकडे संत्र्याच्या सालीसारखा आंबूस वास. उरलेल्या बाटल्यांवर जाड गोधडी टाकली, सायकलचं हेल्मेट आणि ओव्हनचे हातमोजे घातले, एकेक झाकण सैल केलं आणि सगळी बिअर अंगणातल्या नळाखाली ओतून दिली.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. आमची रविवार सकाळ म्हणजे तिची जेवणं उरकल्यानंतरची वेळ.

"मागं कसला पसारा रे?"

"बरणी फुटली. लोणच्याची."

"कैरीचं व्हतं का लिंबाचं?"

"लिंबाचं," मी म्हणालो.

ही २०१६ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. ऑरेगन राज्यात पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरो नावाचं गाव आहे. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांमुळे तिथे मराठी माणसं बरीच. मी नगरचा. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आईच्या तोंडी अजून नगरच आहे. वडील तारकपूर डेपोला कंडक्टर होते, आई भिंगारकडच्या एका अंगणवाडीत सेविका. आजोळ पारनेर तालुक्यात, पठारावर.

बाटल्या का फुटल्या ते मला नंतर कळलं. बिअर करायची म्हणजे मोड आणून वाळवलेले जव भरडायचे, ते ६६-६७ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवायचे, त्याचं गोड पाणी काढायचं, हॉप्सच्या कडू फुलांबरोबर उकळायचं, झटपट गार करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडतं. साखर किती उरली ते हायड्रोमीटर नावाच्या काचेच्या नळीवर वाचता येतं. माझं रीडिंग १.०५० ला सुरू झालं होतं, ते १.०१२ च्या आसपास उतरायला हवं होतं. १.०२० वर थांबलं. मला वाटलं, झालं काम. प्रत्यक्षात गारठ्यानं यीस्ट झोपलं होतं. मी बाटल्या भरल्या, फेस यावा म्हणून १९ लिटरला १२० ग्रॅम साखर घातली, आणि आठवड्यानं थंडी फारच वाढली म्हणून गॅरेजमध्ये हीटर लावला. उबेनं यीस्ट उठलं. आतली साखर उरलेली, वरून घातलेली साखर वेगळी, आणि गॅसला बाहेर पडायला वाट नाही.

*

हे मला समजावून सांगितलं आमच्या क्लबातल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकानं.

क्लब म्हणजे फार काही नाही. घरी बिअर करणारी पंधरावीस माणसं महिन्यातून एकदा कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जमतात. एक निवृत्त बसड्रायव्हर, एक नर्स, हा शिक्षक, एक पाव भाजणारी बाई, आमच्या कारखान्यातले तिघंचौघं. नियम एकच. बाटली उघडण्याआधी प्रत्येकानं आपली त्या महिन्यातली चूक सांगायची. चूक नसेल तर ग्लास नाही.

आणि चुका तरी कसल्या! एकानं बिअरमध्ये रास्पबेरीचा गर घातला. गॅस जाण्याची नळी बियांनी बुजली, झाकण उडालं आणि स्वयंपाकघराचं छत गुलाबी झालं. घर भाड्याचं. घरमालकाला त्यानं सांगितलं, जॅम करत होतो. दुसऱ्यानं खालचा नळ उघडा ठेवून वरून १९ लिटर ओतले आणि पाय ओले झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. पाववालीनं घाईत गरम पाण्यातच यीस्ट टाकलं, ते जागीच मेलं आणि तीन दिवस ती झाकणावरचा बुडबुडा हलण्याची वाट बघत बसली. बसड्रायव्हरच्या बिअरला बँड-एडचा वास यायचा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचं ते काम. उपाय कॅम्पडेनची गोळी, १९ लिटरला पाव गोळी पुरते. नर्सनं बाटल्या खिडकीत उन्हात ठेवल्या आणि बिअरला स्कंक नावाच्या प्राण्याचा वास लागला. म्हणून बाटल्या तपकिरी असतात, हिरव्या काचेतून ऊन आत पोचतं.

माझी पाळी आली तेव्हा मी एकोणीस बाटल्या सांगितल्या. सगळे पोट धरून हसले. मग शिक्षकानं कागद काढून लिहून दिलं. तीन दिवसांच्या अंतरानं घेतलेली दोन रीडिंग सारखी आली तरच बाटली भरायची. रीडिंग वरच अडकलं तर बादली उबेत आणायची, हलकेच ढवळायची. आणि दर वेळी एक तरी बाटली प्लॅस्टिकची भरायची. ती दाबून बघायची. दगडासारखी लागली की बाकीच्या काचेच्या लगेच फ्रिजमध्ये.

मोठी माणसं स्वतःच्या चुका इतक्या आनंदानं सांगताना मी आधी कधी पाहिली नव्हती. आमच्याकडे शाळेत, घरात, ऑफिसात चूक लपवायची असते. इथे ती वर्गणीसारखी भरायची होती.

हा मोकळेपणा त्यांनाही आयता मिळालेला नाही. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली, पण घरी बिअर करायला केंद्र सरकारची परवानगी मिळाली ती १९७८ च्या कायद्यानं, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीनं. वर्षाला एका प्रौढ माणसाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त असतील तर २००. विकायची नाही. ऑरेगनमध्ये तर २०१० साली असा अर्थ निघाला की घरची बिअर घराबाहेर नेताच येणार नाही. स्पर्धा बंद पडल्या. मग २०११ मध्ये कायदाच बदलून घेतला. बसड्रायव्हर ती गोष्ट स्वातंत्र्यलढ्यासारखी सांगायचा.

*

पण आंबण्याच्या वासाशी माझी ओळख क्लबात झाली नाही. ती मामामुळे झाली.

मामा आईपेक्षा नऊ वर्षांनी लहान. आजी लवकर गेली, म्हणून आईनंच त्याला वाढवलं. तो गावाबाहेरच्या ओढ्यात हातभट्टीवर कामाला होता. भट्टी दुसऱ्याची, हात मामाचे. १९९७ च्या दिवाळीच्या सुट्टीत, मी नऊ वर्षांचा असताना, तो मला घेऊन गेला. वाळूत गळ्यापर्यंत पुरलेली पिंपं. आत काळा गूळ, पाणी, बाभळीची साल, नवसागर. त्याला 'रसायन' म्हणत. पोलिसांच्या पंचनाम्यातही हाच शब्द असतो, 'कच्चे रसायन'.

"कान लाव," मामा म्हणाला. "पाऊस पडतोय का बघ."

मी पिंपाला कान लावला. आत खरोखर पाऊस पडत होता. बारीक, पत्र्यावरचा.

"थांबला की समजायचं, झालं. पण थंडीत फसवतं हां. थंडीत झोपतं ते, मरत नाही." म्हणून तो पिंपांभोवती उसाचं पाचट लावायचा.

ओळ परत वाचा. थंडीत झोपतं, मरत नाही. सातवी नापास मामाला हे ठाऊक होतं. मी इंजिनिअर, हातात हायड्रोमीटर, आणि एकोणीस बाटल्या फोडून शिकलो.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. यीस्टला नुसती साखर पुरत नाही, नायट्रोजन लागतो. क्लबात आम्ही त्यासाठी 'यीस्ट न्यूट्रिएंट'ची पुडी विकत घेतो, त्यातही अमोनियमचंच क्षार असतं. मामाला नायट्रोजन माहीत नव्हता. नवसागर घातला नाही तर पाऊस लवकर थांबतो, एवढं माहीत होतं.

फरक पुढे आहे. बिअर नुसती आंबवतात, गाळपाची दारू तापवून तिची वाफ धरतात. त्या वाफेतून सगळ्यात आधी जे उतरतं त्यात डोकं चढवणारी, घातक द्रव्यं जास्त असतात. जगभरचे शहाणे कारागीर ते ओतून देतात. आपल्या मराठीत मात्र 'पहिल्या धारेची' ही स्तुती आहे. पहिली धार मालकाच्या खास गिऱ्हाइकांसाठी असायची. आणि मामाची मजुरी अर्धी पैशांत, अर्धी बाटलीत.

तो २००३ मध्ये गेला. विषबाधा वगैरे नाही. आधी कावीळ, मग पोटात पाणी. शेवटचे दोन महिने आईनं त्याला नगरला आमच्याकडे आणून ठेवलं होतं. वय चौतीस. तेव्हापासून भाऊबीजेला आई ताट करते, गच्चीवर जाते आणि चंद्राला ओवाळते.

*

आता नगर जिल्ह्याला गोड रसाचं आणि त्याच्या आंबण्याचं कुणी शिकवायला नको. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याचा पहिला गळीत हंगाम १९५० चा. पुढे जिल्हाभर कारखाने झाले. साखर काढून उरलेली मळी डिस्टिलरीत जाते, तिथे तिचं अल्कोहोल होतं. परवाना असतो, बॉयलर असतो, प्रयोगशाळा असते. ओढ्यातल्या पिंपात तेच यीस्ट, तेच काम करत असतं.

त्याच पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धी आहे. १९७५ नंतर अण्णा हजारेंनी तिथल्या भट्ट्या बंद करवल्या. पिणाऱ्यांना देवळाजवळच्या खांबाला बांधून मारलं, हे अण्णांनी स्वतः सांगितलेलं आहे. आमच्या आजोळी मात्र भट्टी चालूच राहिली. पुढे सरकारनं २००८ मध्ये नियम केला की गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी मत दिलं तर दारूचं दुकान बंद करावं लागेल. उभी बाटली की आडवी बाटली. आई तेव्हा बायकांच्या सह्या गोळा करत हिंडली होती. ते मतदान परवाना असलेल्या दुकानाचं. आई म्हणायची, "भट्टीला परवानाच न्हाई, तर तिला आडवी कशी करायची?"

फेब्रुवारी २०१७ मध्ये, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीच्या तोंडावर, नगर तालुक्यातल्या पांगरमलला पार्टीत बनावट दारू पिऊन माणसं मेली. आईनं फोन केला. ती नेहमी मोठ्यानं बोलते, त्या दिवशी हळू बोलत होती. त्याआधी जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरहून जास्त गेली होती, ती मिथेनॉल मिसळल्यामुळे. मिथेनॉल कारखान्यात वापरायचं असतं, स्वस्तात मिळतं, आणि चवीवरून ओळखू येत नाही. थोडंसंही डोळे घेतं, जीव घेतं.

फोन ठेवल्यावर मी गॅरेजमध्ये गेलो. बादलीच्या झाकणावर बुडबुडा येत होता. मी ती बिअर ओतून दिली आणि पुढे बरेच महिने काही केलं नाही. क्लबात सांगितलं, कामाचा ताण आहे.

तुम्ही महाराष्ट्रात बसून हे वाचत असाल तर एक सांगून ठेवतो. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्यात परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे, आणि बिअरही त्यात आली. पुण्यात २००९ मध्ये राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी निघाली, तीही परवाना काढून. तिचं नाव 'डुलाली'. हा इंग्रजी शब्द नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेला. तिथल्या छावणीत बोटीची वाट बघून बघून गोरे सोल्जर वेडे व्हायचे, म्हणून डोकं फिरलेला तो डुलाली. तेव्हा हे वाचून बादली आणायला निघू नका.

*

परत सुरुवात झाली ती बायकोला दिवस गेल्यावर, २०१८ च्या फेब्रुवारीत. क्लबात नर्सनं विचारलं, तुमच्याकडचं धान्य कोणतं? मी म्हणालो, ज्वारी. आफ्रिकेत ज्वारीची बिअर शतकानुशतकं होते आणि बहुतेक ठिकाणी ती बायकाच करतात. बुर्किना फासोत तिला दोलो म्हणतात. मला वाटलं, मग नगरची ज्वारी का नको?

बीव्हर्टनच्या इंडियन स्टोअरमधून दोन किलो आणली आणि आईला फोन लावला.

"आई, ज्वारीला मोड कसे आणायचे?"

"कशाला?"

"सत्त्व करायचंय. बाळासाठी."

"बाळाला अजून तीन म्हयने हायेत. आन् जवारीचं सत्त्व कोण करतं? नाचणीचं करत्यात." मग एकदम आवाज चढला. "आरं, जवारीला मोड आणू नको. किराळ लागंल!"

किराळ हा शब्द मी वीस वर्षांनी ऐकला. कापलेल्या ज्वारीच्या ताटांना परत कोवळे फुटवे येतात. ते जनावरानं खाल्ले की त्याला किराळ लागतं. आजोबांची गाय अशीच गेली होती, घटकाभरात, तोंडाला फेस येऊन. मी शोधून वाचलं. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात आणि मोडात धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं. म्हणून आफ्रिकेत ज्वारी मोड आणून वाळवल्यावर मोड आणि मुळं चोळून काढून टाकतात. ते त्यांना पिढ्यांचं ठाऊक आहे. मी पहिल्यांदाच करणार होतो, आणि कुणाला तरी पाजणार होतो.

ज्वारी भाकरीला गेली. आईनं मला नाचणीचं सत्त्व सांगितलं आणि मी ते बिअरच्या वहीत लिहून घेतलं. नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजवायची. पंच्यात बांधून टांगायची, पंचा ओला ठेवायचा. दोन दिवसांत मोड येतात. सावलीत खडखडीत वाळवायची, चोळून मोड काढायचे, मंद भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची.

लिहिता लिहिता मला कळत गेलं की ही माल्टिंगची कृती आहे. जवाच्या माल्टसाठी मोठ्या कारखान्यात हेच करतात. भिजवणं, मोड आणणं, वाळवणं. मोड येताना दाण्यात अशी द्रव्यं तयार होतात जी पिठूळपणाची साखर करतात. म्हणून सत्त्वाची खीर बाळाला पचते, आणि म्हणूनच यीस्टलाही. आई तीस वर्षं अंगणवाडीतल्या आयांना हे शिकवत होती. नेपाळ-सिक्कीमकडे याच नाचणीची तोंगबा करतात, आंबवलेल्या दाण्यांवर गरम पाणी ओतून नळीनं ओढायची.

मी फक्त शेवटचा भाजायचा भाग गाळला. भाजल्यावर ती द्रव्यं मरतात.

एप्रिलच्या शेवटी बिअर लावली. ते एक वेगळंच प्रकरण झालं. जवाच्या दाण्याला जाड टरफल असतं, त्यातून पाणी आपोआप गाळलं जातं. नाचणीला तसं काही नाही. शिवाय नाचणीचं पीठ जवापेक्षा जास्त तापवावं लागतं, म्हणून ती आधी आंबिलीसारखी शिजवून मग जवात मिसळली. सगळ्याची खळ झाली. नळातून थेंब पडेना. शेवटी पंच्यात घालून, दोन्ही टोकं पिळून रस काढला. कोपरापर्यंत चिकट. बायको दारात उभी राहून म्हणाली, "उद्या आई येणार आहेत, लक्षात आहे ना?"

*

आईला चौथ्या दिवशी कळलं. ती तांदळाचं पोतं शोधत गॅरेजमध्ये गेली होती. मी मागोमाग गेलो तेव्हा ती कोपऱ्यात उभी होती. बादलीभोवती मी गुंडाळलेली रजई तिनं बाजूला केली होती.

मग ती वाकली आणि बादलीला कान लावला.

"चालूय अजून," ती म्हणाली, आणि रजई होती तशी गुंडाळून ठेवली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बायकोचं सगळं केलं, शेजारणीला भाकरी शिकवली, माझ्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी भांडी पुसता पुसता म्हणाली, "मामाचं हात आलेत तुला."

मी सगळं सांगितलं. इथे कायद्यानं चालतं. ही गाळलेली नाही, नुसती आंबवलेली आहे. पाच टक्के. तासभर उकळलेली. विषाचा प्रश्न नाही, सगळं मोजून करतो. आईनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजी तुझी चांगली असती."

"हो."

"त्याचीबी चांगलीच व्हती," आई म्हणाली. "लांबून लोक यायचे."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

*

मेमध्ये मुलगी झाली. जुलैत क्लबची बैठक आमच्याकडे होती. मी रद्द करणार होतो. आई म्हणाली, "येऊ दे. बघू दे मला, कोण लोक हायेत." तिनं कांदाभजी तळली.

भज्यांमुळे आई पाच मिनिटांत सगळ्यांची लाडकी झाली. शिक्षकाला नाचणीच्या माल्टचं कुतूहल होतं. आईनं पंचा आणून गाठ कशी मारायची ते दाखवलं, ओला कितपत ठेवायचा ते सांगितलं, आणि वास बदलला की समजायचं बुरशी आली, हेही. मी भाषांतर करत होतो. शिक्षक लिहून घेत होता. बियर करणं एके काळी बायकांचंच काम होतं, असं नर्स म्हणाली. प्राचीन सुमेरमध्ये निनकासी नावाची देवी होती, तिच्या जवळपास पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या स्तोत्रात बिअरची कृतीच आहे. आईला मी ते सांगितलं. ती म्हणाली, "करत्यात बायाच. पिणारं कोण व्हतं ते पण लिव्हलंय का त्यात?"

मी याचं भाषांतर केलं नाही.

मग नियमाप्रमाणे चुका सुरू झाल्या. मी खळीची गोष्ट सांगितली, कोपरापर्यंत चिकट वगैरे. हशा झाला. फेरी फिरत आईपाशी आली. कुणीतरी गमतीनं म्हणालं, आजीबाईंनीही सांगायला पाहिजे, नियम म्हणजे नियम.

"काय म्हणतोय?"

मी सांगितलं. मला वाटलं ती हसून मान हलवेल. तिनं पदर सारखा केला.

"माझा भाऊ ह्यातच गेला," ती म्हणाली. "मी त्याला लहानाचा मोठा केला. तो करायचा ते मला म्हाईत व्हतं. दोन वर्षं मी त्याच्याकडून पैसे घेतले, घरात लागायचे म्हणून. ती माझी चूक."

शेवटची दोन वाक्यं मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. मी एक एक वाक्य इंग्रजीत सांगितलं. सगळं सांगितलं.

गॅरेजमध्ये कुणी बोललं नाही. मग बसड्रायव्हर, ज्याची बडबड थांबवावी लागते, तो म्हणाला, "माझे वडील." एवढंच. थोड्या वेळानं पाववालीनं हात थोडासा वर केला, शाळेत करतात तसा, आणि खाली घेतला.

दोन वर्षांत त्या क्लबात मी शेकड्यानं चुका ऐकल्या होत्या. बुजलेल्या नळ्या, मेलेली यीस्ट, फुटलेल्या बाटल्या. सगळ्या बिअरच्या चुका. पिणाऱ्याची एकही नव्हती. आणि नगरला मी लहानपणापासून ऐकत आलो त्या सगळ्या पिणाऱ्यांच्या. पिंपात काय बिघडलं, कसं सुधारता आलं असतं, हे तिथे कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं असतं तर पांगरमल टळलं असतं असं मी म्हणणार नाही, ते बिघडलेलं नव्हतं, बनावट होतं. आणि मामाच्या पिंपात तर काहीच चुकलेलं नव्हतं. म्हणजे इथल्यासारखा क्लब तिथे असता तरी त्यानं हसत हसत एखादी गंमत सांगितली असती, लोकांनी टिपून घेतली असती, आणि तो चौतिसाव्या वर्षीच गेला असता.

त्या रात्री नाचणीची बिअर उघडली की नाही? उघडली. गढूळ, तांबूस, फेस लगेच बसणारा, किंचित आंबट, आणि मागे मातीचा वास. सगळ्यांनी थोडी थोडी घेतली. आईनं माझा ग्लास नाकापाशी नेला.

"आंबील बरी लागते ह्यापरीस," ती म्हणाली, आणि भज्यांची रिकामी ताटली घेऊन आत गेली.

*

मी बिअर करायचं सोडलं नाही. पूर्वी १९ लिटर करायचो, आता चार करतो, वर्षातून तीनचारदा. क्लबचा नियम आहे तोच आहे. फक्त बसड्रायव्हर मधूनच, काही न विचारता, कुणाला तरी म्हणतो, "आणि तू कसा आहेस?" आणि लोक उत्तर देतात.

आई ऑक्टोबरमध्ये परत गेली. जाण्याआधी तिनं तीन किलो नाचणीला मोड आणले. मुलीला महिनाभरात वरचं अन्न सुरू करायचं होतं. वाळवून, चोळून झाल्यावर तिनं नाचणीचे दोन वाटे केले. एक मंद भाजून दळला. दुसरा न भाजता तसाच ठेवला. मी काही बोललो नाही, तीही नाही.

दोन बरण्या फळीवर शेजारी ठेवल्या. एकीवर तिनं कागद चिकटवून अंगणवाडीच्या रजिस्टरातल्या गोल अक्षरात लिहिलं, 'बाळाचं'.

दुसरीवर काही लिहिलं नाही.